गाडी बदलण्याचे गाव

देशातून पाहुणे आले की त्यांना काय काय दाखवायचे, हे तोक्योत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये आता जवळजवळ ठरून गेले आहे. असाकुसाचे देऊळ, कामाकुराचा बुद्ध, हवा स्वच्छ असली तर फुजी, आणि एक अख्खा दिवस निक्कोसाठी. निक्कोला जाणारे बरेच जण शिंकानसेनने पन्नासेक मिनिटांत उत्सुनोमियाला येतात आणि तिथे उतरून निक्कोची छोटी गाडी पकडतात. मीही पाहुण्यांना घेऊन याच वाटेने जात आले आहे आणि उत्सुनोमियाच्या स्थानकाचा जिना, फलाट आणि स्वच्छतागृह यांपलीकडे त्या शहराशी माझा कधी संबंध आला नव्हता. गेल्या वर्षी सासरे आले होते. ते रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांची सगळी हयात भुसावळ विभागात गेलेली आहे, त्यामुळे परदेशातही त्यांना देवळांपेक्षा फलाटावरच अधिक रमताना मी पाहिले आहे. निक्कोच्या गाडीला वेळ होता. थर्मासमधला चहा पीत त्यांनी समोरच्या इमारतींकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “या गावात काय आहे गं?” मी म्हटले, “काही नाही बाबा. इथे फक्त गाडी बदलायची असते.” ते हसले. “मनमाडबद्दल सगळी दुनिया हेच म्हणते,” एवढेच ते म्हणाले, आणि चहाचा पेला झटकून त्यांनी थर्मासवर लावला.

माझ्या नवऱ्याचा जन्म मनमाडचा आहे.

त्या बोलण्यात टोमणा नव्हता, तरी ते मनातून जाईना. उत्सुनोमिया हे तोचिगी प्रांताचे मुख्य शहर आहे आणि तिथली वस्ती पाच लाखांच्या वर आहे. पाच लाख माणसे रोज उठून कामाला जातात, मुलांना शाळेत पोहोचवतात, संध्याकाळी काय रांधावे याची चिंता करतात, आणि आपण त्या सगळ्याला ‘काही नाही’ म्हणून मोकळे होतो. मी चाळलेल्या प्रवासी पुस्तकांतही या शहराला जेमतेम अर्धे पान होते, आणि त्या अर्ध्या पानात एकाच गोष्टीची तारीफ होती: ग्योझा, म्हणजे पिठाच्या पातळ पारीत भाजी-मांसाचे सारण भरून केलेला मोमोसारखा पदार्थ. मग जुलैतल्या एका शनिवारी, पाहुणे नसताना आणि निक्कोचा काही बेत नसताना, मी एकटीच निघाले. शिंकानसेनमधून माझ्याबरोबर उतरलेले बहुतेक लोक पाठीवरच्या पिशव्या सावरत निक्कोच्या फलाटाकडे वळले, आणि मी त्यांच्या उलट दिशेने, पश्चिमेच्या दारातून बाहेर पडले.

बाहेर पडताच आधी जाणवला तो उकाडा. तोक्योचा उकाडाही काही कमी नसतो, पण उत्सुनोमिया समुद्रापासून आत, मैदानाच्या उत्तर टोकाला आणि डोंगरांच्या पायथ्याशी आहे. दुपारी हवा तिथे नुसती साचून राहते आणि संध्याकाळी ढग गडगडू लागतात. उन्हाळ्यातल्या विजांसाठी हे शहर जपानभर ओळखले जाते. स्थानकासमोरच एक दगडी पुतळा आहे. ग्योझ्याच्या पारीत स्वतःला गुंडाळून घेतलेली व्हीनस, असे त्याचे रूप आहे, आणि हे वाक्य वाचून जेवढे विचित्र वाटते तेवढाच तो पाहायलाही विचित्र आहे. तो १९९४ साली एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या निमित्ताने उभारला गेला. पुढे २००८ मध्ये जागा बदलण्यासाठी उचलताना तो चक्क दोन तुकड्यांत मोडला, आणि नंतर जोडून पुन्हा उभा केला. ज्या मऊ, हलक्या, हिरवट करड्या ओया दगडातून तो घडवला आहे, तो याच शहराच्या वायव्येला निघतो. मोडून जोडलेल्या त्या बाईसमोर एक आजोबा आपल्या नातवाला उभा करून छायाचित्र काढत होते आणि नातू काही केल्या हसत नव्हता.

खाण्यासाठी मी आधी ‘मिनमिन’ या जुन्या दुकानाच्या मुख्य शाखेत गेले. १९५८ पासूनचे हे दुकान फुताआरायामा देवस्थानापासून जवळच आहे आणि त्याच्यासमोर रांग असते, हे मला ठाऊक होते. छत्र्या उघडून उन्हात उभ्या राहिलेल्या त्या रांगेत कुजबूज फारशी नव्हती. ज्याला त्याला आपापल्या भुकेची काळजी होती. आत शिरल्यावर भिंतीवरची पाटी पाहिली आणि बरे वाटले. भाजलेले ग्योझे, पाण्यातले ग्योझे, तळलेले ग्योझे. त्याखेरीज भात आणि बिअर. संपले. ज्या देशात साध्या उपाहारगृहातही चित्रांनी भरलेली जाडजूड यादी हातात ठेवतात, तिथे एवढ्याशा पाटीमागे मोठा आत्मविश्वास असणार. निवडीला वावच नसल्यामुळे माणसे आत येऊन बसतात आणि लगेच सांगून टाकतात. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी खुर्ची ओढता ओढता ‘डबल, सुई, राइस’ असे तीन शब्द उच्चारले. भाजलेल्यांच्या दोन थाळ्या, पाण्यातल्यांची एक आणि भात, ही इथली नेहमीची फर्माईश आहे, आणि ती इतकी रुळलेली आहे की वाढणाऱ्या बाईंनी मान वर न करताच ती टिपून घेतली.

मला बसायला जागा मिळाली ती भट्टीच्या बाजूला. भट्टी म्हणजे लोखंडी चौकोनी तव्यांची रांग, आणि प्रत्येक तव्यावर जाड झाकण. ग्योझे तव्यावर ओळीने, एकमेकांना अगदी खेटून मांडले जातात, वरून तेल सोडले जाते आणि मग कढत पाणी ओतले जाते. त्या क्षणी जो चर्र आवाज होतो आणि वाफेचा जो लोट उठतो, तो झाकण आपटून बंद केला जातो. पुढची काही मिनिटे काम पूर्णपणे कानांवर चालते. आतले पाणी आटत आले की आवाज बदलतो, खदखद थांबून बारीक तडतड सुरू होते, आणि भाजणारा तरुण घड्याळाकडे न पाहता नेमके त्याच वेळी झाकण उचलतो. मग तो रुंद पात्याचा उलथणा खालून एका दमात सरकवून सहाच्या सहा ग्योझे अख्खे उचलतो आणि थाळीत उलटे घालतो, त्यामुळे भाजलेला तळ वर येतो. कपाळाला फडके बांधलेला तो तरुण सतत घामाने निथळत होता, पण त्याच्या हातात घाई म्हणून दिसली नाही.

थाळी समोर आली तेव्हा सहा ग्योझे एकमेकांना चिकटून, तळाचा तांबूस रंग दाखवत पालथे पडलेले होते. काडीने एकेक सोडवताना पारी फाटू नये म्हणून जरा जपावे लागते. भाजलेली बाजू करकरीत आणि बाकीची पारी इतकी पातळ, मऊ की आतल्या पातीचा हिरवा रंग तिच्यातून दिसतो. एका बाजूला घातलेल्या चुण्या बोटांच्या मापाच्या असतात आणि प्रत्येक ग्योझ्यावर त्या थोड्या वेगळ्या पडलेल्या असतात. दातांखाली आधी तो करकरीतपणा येतो आणि मग आतले गरम रसाळ सारण. उत्सुनोमियाच्या ग्योझ्यात मांसापेक्षा भाजी अधिक असते: बारीक चिरलेला कोबी किंवा हाकुसाई नावाचा लांबट, पाणीदार कोबी, आणि निरा. निरा म्हणजे लसणाच्या वासाची चपटी हिरवी पात. तोचिगी प्रांत हा जपानातल्याच कोची प्रांताच्या बरोबरीने निरा पिकवण्यात देशात आघाडीवर आहे, आणि ती पात इथे शेतातून दुकानात यायला फार वेळ लागत नाही, हे चवीत कळते. कोबीचा गोडवा पुढे असतो, निरेचा उग्रपणा मागून येतो, आणि डुकराचे मांस या दोघांना धरून ठेवण्यापुरतेच असते. तरी शाकाहारी माणसाने भाजीच्या भरवशावर राहू नये, मांस असतेच. माझ्या माहेरी मी इथे काय काय खाते याची सविस्तर चौकशी कोणी करत नाही आणि मीही ती होऊ देत नाही.

शेजारच्या गृहस्थांकडे मी अधूनमधून पाहत होते. सत्तरीच्या घरातले असावेत. सोया सॉस, व्हिनेगर आणि रायू हे तिखट तेल, असे तिन्ही समोर असताना त्यांनी बशीत फक्त व्हिनेगर घेतले. पाण्यातल्या ग्योझ्यांचा वाडगा आला. तो म्हणजे खरोखर गरम पाणी आणि त्यात बुडालेले ग्योझे, दुसरे काही नाही. त्यांनी निम्मे ग्योझे खाल्ल्यावर त्या पाण्यातच थोडा सोया, थोडे व्हिनेगर आणि रायूचे चार थेंब टाकले, काडीने ढवळले आणि त्याचे सार करून प्यायले. मीही तसेच केले. बेचव पाण्यात ग्योझ्याच्या पिठाचा आणि सारणाचा अर्क उतरलेला असतो, त्याला आंबट आणि तिखट मिळाले की बाहेरचा उकाडा विसरून आपण वाडगा तोंडाला लावतो. ते गृहस्थ पंधरा मिनिटांत जेवून, पैसे ठेवून, बाईंना नुसती मान हलवून निघून गेले. त्यांच्या जागी तोक्योहून आलेले तरुणांचे टोळके बसले आणि त्यांनी आधी थाळीचे, मग पाटीचे, मग एकमेकांचे छायाचित्र काढले. ग्योझे त्या वेळात निवले, आणि निवलेल्या ग्योझ्याची पारी चिवट होते.

या शहराला ग्योझ्याचे गाव कोणी केले, याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. ते ना कोणा आचाऱ्याने केले ना कोणा व्यापाऱ्याने. केले ते नगरपालिकेच्या कारकुनांनी. जपान सरकारचे सांख्यिकी खाते दर महिन्याला निवडक कुटुंबांकडून घरखर्चाचा तपशील गोळा करते. कोणत्या शहरातले कुटुंब वर्षाकाठी तांदळावर किती, माशांवर किती, केळ्यांवर किती खर्च करते, याचे तक्ते त्यातून निघतात. १९९० च्या सुमारास उत्सुनोमिया नगरपालिकेच्या काही कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले की ग्योझ्यावरच्या खर्चात आपले शहर देशात पहिले आहे. शहराचे नाव कसे करावे, या विवंचनेत असलेल्या माणसांना त्या रूक्ष तक्त्यातल्या एका ओळीत खजिना सापडला. पुढे १९९३ मध्ये दुकानदारांचा संघ स्थापन झाला, नकाशे छापले गेले, पुतळा आला, आणि ज्या गोष्टीबद्दल गावातल्या कोणालाही काही विशेष वाटत नव्हते, ती बघायला बाहेरगावचे लोक येऊ लागले. मला स्वतःला कारकुनांची ही कामगिरी फार आवडते. शहराला नसलेला इतिहास चिकटवण्यापेक्षा असलेला खर्च नीट वाचणे केव्हाही बरे.

मात्र तक्ता कोणाच्या मालकीचा नसतो. हामामात्सु हे शिझुओका प्रांतातले शहरही ग्योझ्याचे वेडे आहे. तिथे ते तव्यावर गोल रचून भाजतात आणि मधल्या पोकळीत उकडलेले मोड ठेवतात. २००७ मध्ये त्या शहराचा प्रशासकीय दर्जा वाढला, पाहणीच्या तक्त्यात त्याची स्वतंत्र गणना होऊ लागली, आणि २०११ मध्ये त्याने उत्सुनोमियाला मागे टाकले. त्यानंतर पहिला क्रमांक इकडून तिकडे जात राहिला. मग २०२१ मध्ये दूर दक्षिणेच्या मियाझाकीने दोघांनाही हात चोळत बसवले. दरवर्षी हिवाळ्यात आकडे जाहीर होतात तेव्हा ती राष्ट्रीय पातळीवरची बातमी असते आणि पडलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे छापून येतात. या सगळ्यात एक मेख आहे. पाहणी घरखर्चाची असल्यामुळे तिच्यात दुकानातून आणि पेठेतून घरी नेलेले ग्योझेच धरतात. हॉटेलात बसून खाल्लेले धरत नाहीत आणि गोठवलेलेही धरत नाहीत. म्हणजे ज्या आकड्याच्या ओढीने माझ्यासारखी माणसे गाडीत बसून येतात आणि उन्हात रांगा लावतात, त्या आकड्यात आमच्या एकाही घासाची नोंद होत नाही. हे कळल्यावर त्या रांगेकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहिले. आम्ही सगळे पाहुणेच होतो. तक्ता भरणारी माणसे त्या वेळी आपापल्या घरी होती.

ग्योझा इथे आला कसा, याचीही एक कथा आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक पत्रकावर एका वाक्यात छापलेली असते. उत्सुनोमिया हे जुन्या जपानी सैन्याच्या चौदाव्या डिव्हिजनचे ठाणे होते. ती डिव्हिजन चीनच्या ईशान्येला, मांचुरियात गेली. तिथून परतलेल्या लोकांनी ग्योझा करण्याची रीत गावात आणली. युद्धानंतरच्या टंचाईत गहू आणि भाजी यांवर भागणारा, थोड्या मांसात पोट भरणारा हा पदार्थ इथे रुजला, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. उन्हाळ्यात भयंकर उकाडा आणि हिवाळ्यात डोंगरावरून येणारा बोचरा वारा, अशा हवेत शरीराला बळ देणारे काही तरी खावेसे वाटते, असेही तिथले लोक सांगतात. मी ते वाक्य वाचून पुढे गेले असते, पण ‘परतलेल्या’ या शब्दाशी थोडी अडखळले, कारण त्या डिव्हिजनचे पुढे काय झाले ते मी कधीतरी वाचले होते. १९४४ च्या वसंतात ती मांचुरियातून काढून प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवर पाठवली गेली. तिचा एक मोठा भाग पेलेलिऊवर होता. याच शहरातून भरती झालेल्या एकोणसाठाव्या पायदळ रेजिमेंटची एक बटालियन अंगाऊर नावाच्या चिमुकल्या बेटावर होती. त्या वर्षीच्या शरदात अमेरिकी सैन्य दोन्ही बेटांवर उतरले, आणि ती लढाई संपली तेव्हा तिथल्या जपानी सैनिकांपैकी जवळजवळ कोणीच उरले नव्हते.

मग ग्योझा आणला तो कोणी? आधीच्या वर्षांत मुदत संपून घरी आलेल्या सैनिकांनी आणला असेल; युद्ध हरल्यावर मांचुरियातून बायकामुलांसह, हातात एखादे गाठोडे घेऊन परतलेल्या साध्या नागरिकांनी आणला असेल. एवढे मात्र खरे की ज्यांनी चीनच्या उत्तरेत थंडीच्या रात्री तो आवडीने खाल्ला असेल, त्यांपैकी कितीतरी जणांना गावच्या पातीचे सारण भरून तो करून पाहण्याची संधी मिळाली नाही. आणि मांचुरियात ते ज्यांच्या घरांत, ज्यांच्या शेतांवर जाऊन बसले होते, त्या चिनी माणसांच्या चुलीवरची ही रीत होती, हेही त्या एका वाक्यात मावत नाही. खाद्यपदार्थाच्या पत्रकाकडून एवढी अपेक्षा करू नये, हे मला समजते. माणसे जेवायला आलेली असतात. तरीही दुसऱ्या दुकानात जाईपर्यंत ते माझ्या डोक्यात घोळत राहिले, आणि मी सरळ वाट सोडून किल्ल्याच्या बाजूने गेले.

किल्ला म्हणण्यासारखे तिथे फार काही उरलेले नाही. १८६८ च्या यादवीत लढाई झाली आणि किल्ल्याबरोबर गावही जळाले. आज दिसतात ते बुरूज नव्याने बांधलेले आहेत. पण जवळच, जुन्या तटाच्या उरलेल्या मातीच्या उंचवट्यावर, एक प्रचंड गिंको वृक्ष आहे. त्याचे वय चारशे वर्षांच्या आसपास सांगतात आणि उंची तेहेतीस मीटर. १२ जुलै १९४५ च्या रात्री या शहरावर आगीचे बाँब पडले, सहाशेहून अधिक माणसे मेली आणि शहराचा मध्यभाग राख झाला. हे झाडही जळून काळे पडले होते. पुढच्या वर्षी त्याला पालवी फुटली. मी गेले तेव्हा ते पंख्याच्या आकाराच्या हिरव्या पानांनी गच्च भरलेले होते आणि त्याच्या सावलीत एक टॅक्सीचालक गाडीचे दार उघडे टाकून झोपला होता. तिथे बसून पाणी प्यायल्यावर मला पुन्हा भूक लागली, याचे थोडे वाईट वाटले आणि थोडे हसूही आले.

दुसरे दुकान ‘मासाशी’. इथली पाटी त्याहूनही लहान आहे: भाजलेले आणि पाण्यातले. भात नाही, बिअर नाही, तळलेलेही नाहीत. एका मोजक्या खुर्च्यांच्या फळीपुढे माणसे येतात, खातात आणि उठतात. बिअरशिवाय ग्योझा ही कल्पना बहुतेक जपानी माणसांना पटत नाही, पण इथे कोणी कुरकुरताना दिसले नाही. माझ्या शेजारी शाळेच्या खेळाच्या गणवेशातली दोन मुले बसली होती, पायाशी चिखलाने भरलेल्या पिशव्या होत्या, आणि घरी जाऊन रात्रीचे जेवण जेवायचेच आहे अशा बेताने ती एकेक थाळी संपवत होती. इथल्या सारणाची चव मला मिनमिनपेक्षा मोकळी वाटली, पातीचा वास अधिक पुढे, आणि पारीही किंचित वेगळी. कोणते अधिक चांगले, हे विचारले तर उत्सुनोमियातला माणूस आपण लहानपणी कुठे खात होतो ते सांगतो. मला बाहेरच्या माणसाला तेवढा आधार नाही, म्हणून मी पाण्यातल्या ग्योझ्यासाठी मिनमिन आणि भाजलेल्यासाठी मासाशी, असा आपला निकाल लावून टाकला.

एवढे खाल्ल्यावर चालणे भाग होते. गावातल्या कितीतरी जुन्या कोठारांच्या भिंती, कुंपणे, दुकानांचे दर्शनी भाग त्याच ओया दगडाचे आहेत. जवळून पाहिले तर त्यावर तपकिरी मातीचे लहान खळगे दिसतात. मात्सुगामिने इथले १९३२ चे कॅथलिक चर्चही याच दगडाचे आहे आणि ते इतक्या साध्या गल्लीत उभे आहे की अचानक समोर येऊन माणसाला थांबवते. तोक्योचे जुने इम्पीरियल हॉटेल, जे १ सप्टेंबर १९२३ ला, नेमके मोठ्या भूकंपाच्या दिवशी, उघडायचे होते, त्याच्यासाठी फ्रँक लॉइड राइट या अमेरिकी वास्तुरचनाकाराने हाच दगड निवडला होता. खुद्द ओया गाव बसने अर्ध्या तासावर आहे. १९१९ पासून १९८६ पर्यंत खोदत गेलेली तिथली भूमिगत खाण आता लोकांना पाहायला खुली आहे. बाहेर अंगाची लाही होत असताना जिना उतरत गेले की हवा थंड होत जाते आणि तळाशी स्वेटर नसल्याचा पश्चात्ताप होतो. वर्षाचे सरासरी तापमान तिथे आठ अंशांच्या आसपास असते. देवळासारख्या उंच त्या अंधाऱ्या दालनांत युद्धकाळात विमानांच्या भागांचा कारखाना चालवला होता. मी तिथे फार वेळ काढला नाही. खरे सांगायचे तर तो संपूर्ण एका दिवसाचा विषय आहे आणि माझे लक्ष पोटाकडे होते.

परत स्थानकावर आले तेव्हा वायव्येचे आकाश शाईसारखे झाले होते. पूर्वेच्या बाजूला जाऊन सासऱ्यांसाठी पिवळ्या ट्रामची छायाचित्रे काढली. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेला हा मार्ग १४.६ किलोमीटरचा आहे आणि जपानात संपूर्ण नवी ट्राम याआधी सुरू होऊन पंचाहत्तर वर्षे उलटली होती. छायाचित्रे पाहून त्यांनी डब्याची लांबी, विजेचा दाब आणि दारांची उंची विचारली, ज्यांपैकी एकाचेही उत्तर माझ्याकडे नव्हते. तेवढ्यात पहिला गडगडाट झाला आणि पाच मिनिटांत असा पाऊस कोसळला की समोरची ट्राम दिसेनाशी झाली. लोकांना त्याचे काही नव्हते. दुकानांच्या छपराखाली, दारांच्या कोपऱ्यांत ते शांतपणे उभे राहिले, सवय असलेल्या माणसांसारखे.

मी उभी राहिले ती ग्योझे घरी नेण्यासाठी विकणाऱ्या एका खिडकीपाशी. दुपारी जिथे छत्र्यांची रांग होती, तिथल्यासारखे इथे काही नव्हते. चार-पाच माणसे, बहुतेक बायका, आणि ओल्या सायकली. पहिलीने कच्च्या ग्योझ्यांच्या पाच थाळ्या मागितल्या. दुसरीच्या फोनवर घरून कोणीतरी आकडा बदलत होते, आधी चार, मग सहा, मग “बाबा जेवायला आहेत का ते विचार” असे. तिसरी एक म्हातारी बाई होती. तिला एकच थाळी हवी होती, तीही भाजलेली, आणि विकणाऱ्या मुलीने न विचारता तिच्या पिशवीत व्हिनेगरची पुडी टाकली. कागदी खोक्याला रबरबँड चढवण्याचा आवाज, नाण्यांचा आवाज, वरून पत्र्यावर पाऊस. ग्योझे पिशवीत पडले की बायका पाऊस थांबायची वाट न पाहता निघून जात होत्या, कारण घरी तवा तापायला हवा होता. या शनिवारच्या खरेदीतून काही येन कदाचित सांख्यिकी खात्याच्या वहीत उतरतील, आणि हिवाळ्यात हामामात्सुची किंवा मियाझाकीची झोप उडवतील.

माझी पाळी आल्यावर मुलीने विचारले, कुठे न्यायचे आहेत? तोक्यो म्हटल्यावर तिने कच्च्या ग्योझ्यांकडे जाणारा हात मागे घेतला आणि शीतपेटी उघडली. इतक्या उकाड्यात कच्चे टिकणार नाहीत, पारीला पाणी सुटून ते एकमेकांना चिकटतील, गोठवलेलेच न्या, असे तिने समजावून सांगितले, वर बर्फाची एक पुडी ठेवली आणि भाजताना ते वितळवायचे नाहीत, तसेच तव्यावर मांडायचे, पाणी मात्र कढत हवे, हे पुन्हा पुन्हा बजावले. पाणी किती, असे विचारले तर तिने बोटाचे एक पेर धरून दाखवले आणि मागच्या माणसाकडे वळली. गोठवलेले म्हणून ते कुठल्याच शहराच्या खात्यावर पडणार नव्हते. मी चार थाळ्या घेतल्या.